‘येऊ नका’ असे कळवणारी सेवा : तीर्थन खोऱ्यातील ट्राउटच्या सहलीचे परीक्षण

नागपूरच्या माणसाला ट्राउट माशाच्या मागे जायचे असेल, तर आधी रजा, मग तिकीट आणि सर्वांत शेवटी नदी अशा क्रमाने सगळे जमवावे लागते, आणि या तिघांत नदी तेवढी कोणाचे ऐकत नाही. रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी उघडते. दिल्लीपर्यंत सुमारे 1,100 किलोमीटर, तिथून मनालीकडे जाणाऱ्या रात्रीच्या बसने औट आणि औटहून बंजारमार्गे गुशैणी, असा दोन दिवसांचा प्रवास करून पुलावर उभे राहावे आणि खाली चहाच्या रंगाचे पाणी दिसावे, यासारखी फजिती नाही. म्हणून हिमाचल प्रदेशातील तीर्थन खोऱ्यात चालणाऱ्या एका मार्गदर्शक सेवेचे हे परीक्षण लिहिताना किती मासे लागले हा निकष मी बाजूला ठेवला आहे. आम्ही नागपुरात बसलेलो असताना या मंडळींनी नदीची स्थिती किती खरेपणाने कळवली, एवढेच मी पाहिले आहे.

सेवा एका कुटुंबाची आहे. राहण्याच्या चार खोल्या आणि दोन मार्गदर्शक, एवढाच पसारा. पुढे काही उणिवाही लिहायच्या असल्यामुळे नाव देत नाही. माझ्याविषयी इतकेच सांगतो, की माझी उभी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यातील बरीच वर्षे कन्हान आणि पेंचच्या काठी मापपट्ट्या वाचण्यात आणि विसर्गाचे तक्ते भरण्यात गेली. फ्लाय फिशिंगचे, म्हणजे गळाला कृत्रिम माशी लावून मासे धरण्याचे वेड माझे नव्हे, माझ्या भाच्याचे. रॉड त्याने धरायचा आणि नदी मी पाहायची, अशी आमची वाटणी आहे.

आधीचा अनुभव सांगितल्याशिवाय या सेवेचे मोल कळणार नाही. चार वर्षांपूर्वी मेच्या अखेरीस आम्ही त्याच खोऱ्यातील दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो. निघण्यापूर्वी तीन वेळा फोन केला आणि तिन्ही वेळा ‘पानी एकदम बढ़िया है’ हे एकच उत्तर मिळाले. तीर्थन जिथे बियास नदीला मिळते त्या लारजीला पोहोचलो तेव्हा बियास सिमेंट कालवल्यासारखी राखाडी वाहत होती. तीर्थन तिच्यापेक्षा बरी होती, पण सकाळी गुडघ्याएवढे असलेले पाणी दुपारी चारपर्यंत मांडीला लागत होते. यजमान म्हणाले, दोन दिवसांत साफ होईल. पावसाने गढूळ झालेली नदी दोन दिवसांत निवळते हे खरे, परंतु मेअखेरचे पाणी पावसाचे नसते, वितळत्या बर्फाचे असते, आणि जोवर वर बर्फ शिल्लक आहे व ऊन तापते आहे तोवर ते रोज येतच राहते. पाच दिवस भाचा काठावरच्या दगडावर बसून माश्या बांधत राहिला, म्हणजे पिसांच्या कृत्रिम माश्या. यजमान खोटे बोलले असे मी म्हणणार नाही. त्यांना पाणी बढ़िया वाटत असेलही, कारण बहुतेक पाहुण्यांना फोटोत भरपूर पाणी हवेच असते. प्रश्नच मोघम असला, की उत्तरही मोघमच मिळते.

या वेळची सेवा निराळी ठरली ती इथे. आगाऊ रक्कम भरल्यानंतर ठरलेल्या दिवसाच्या आधीचे 10 दिवस त्यांच्याकडून मोबाइलवर रोज एक संदेश येत असे आणि त्यात चार गोष्टी असत : पुलाजवळच्या एका मोठ्या शिळेचा फोटो, जिच्यावर पांढऱ्या रंगाच्या तीन आडव्या रेघा ओढलेल्या आहेत, पाण्याचे तापमान, दोरीला बांधलेली ताटली संथ डोहात सोडल्यावर ती किती खोलीपर्यंत दिसली तो आकडा, आणि वरच्या खोऱ्यात पाऊस, बर्फ किंवा ढग यांपैकी काय दिसते आहे, याविषयी एक वाक्य. आमच्या खात्यात ज्याला ‘गेज’ म्हणत ते या लोकांनी रंगाच्या डब्यातून आणि स्वयंपाकघरातल्या ताटलीतून उभे केले होते. पहिला फोटो पाहून मी भाच्याला म्हणालो, “हे लोक नदी मोजतात.” तो म्हणाला, “मामा, मागच्या वेळी तुम्ही तीनदा फोन केला होता, पण नदी कुठे फोन उचलत होती?”

आता या चार गोष्टींतून काय वाचायचे, याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण कोणत्याही सेवेकडून हेच मागून घ्यायला हवे.

पाणीपातळी किती आहे यापेक्षा ती चढते आहे की उतरते आहे, हे अधिक महत्त्वाचे. चढत्या पाण्यात पालापाचोळा आणि गाळ येतो, काठाचा तळ सुटतो, मासा आडोसा धरून बसतो आणि उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखालची वाळू सरकते. उतरत्या पाण्यात हेच उलटे होते. पाण्यावर किंचित दुधी झाक राहते, तिच्यामुळे माशाला माणूस सहज दिसत नाही आणि वाहून आलेले खाद्य घेण्यासाठी तो धारेच्या कडेला येतो. अगदी नितळ आणि उथळ पाणी फोटोत सुंदर दिसते, पण त्यात ट्राउट इतका बिचकतो, की काठावर सावली हलली तरी पसार होतो. तेव्हा एका दिवसाचा फोटो जवळजवळ निरुपयोगी असतो. एकाच शिळेचे पाच दिवसांचे पाच फोटो शेजारी ठेवले, म्हणजे नदी बोलू लागते.

तापमानाचे तसेच आहे. ब्राउन ट्राउट हा आपल्याकडचा मासा नव्हे. ब्रिटिशांनी तो 1900च्या सुमारास काश्मीरमध्ये आणला आणि तिथून 1909मध्ये तो कुलूच्या खोऱ्यात आला. थंड, वाहत्या आणि प्राणवायूने भरलेल्या पाण्याखेरीज तो तग धरत नाही. साधारण 10 ते 16 अंश सेल्सिअस हा त्याच्या चरण्याचा पट्टा. त्याखाली तो सुस्त असतो आणि 20 अंशांच्या वर गेल्यास त्याला त्रास होऊ लागतो, कारण पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो. समुद्रसपाटीला 10 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11.3 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर 20 अंशांच्या पाण्यात सुमारे 9.1 मिलिग्रॅम, आणि गुशैणीच्या उंचीवर हे दोन्ही आकडे आणखी खाली येतात. पकडलेला मासा सोडून देणाऱ्यांनी तर हे पाहायलाच हवे, कारण तापलेल्या पाण्यात दमवून सोडलेला मासा पोहत गेला तरी पुष्कळदा वाचत नाही. शिवाय तापमानावरून पाणी कुठून येते आहे हेही कळते. हवेत ऊन वाढत असताना पाण्याचा आकडा वाढण्याऐवजी घसरला, तर वरचे बर्फ सुटले असे समजावे.

आमच्या बाबतीत हेच घडले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातील तिकिटे होती. निघायच्या आठ दिवस आधीपर्यंत पाणी सर्वांत खालच्या रेघेला, तापमान 9 अंश आणि ताटली दीड मीटरपर्यंत दिसत होती. भाच्याने सामान बांधायला घेतले. मग एक पश्चिमी झंझावात आला. खोऱ्यात दोन दिवस पाऊस झाला, जालोरी खिंडीकडे ताजा बर्फ पडला आणि पाठोपाठ हवामान खात्याच्या अंदाजात सलग उन्हाचे दिवस दिसू लागले. उपग्रहाची चित्रे मीही पाहत होतो. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहजोडीची छायाचित्रे दर पाच दिवसांनी कोणालाही फुकट पाहता येतात आणि त्यांत ताज्या बर्फाची पांढरी कड किती खाली उतरली आहे हे नागपुरातूनही स्पष्ट कळते. मात्र त्या चित्रातील एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे 10 मीटर, आणि तीर्थनचे पात्र कित्येक ठिकाणी अशा दोन ठिपक्यांत संपते. बर्फ दिसतो, पाण्याचा रंग दिसत नाही. रंग पाहायला काठावर माणूसच लागतो.

त्या माणसाचा संदेश निघण्याच्या तीन दिवस आधी आला. पाणी मधल्या रेघेच्या वर चढले होते, तापमान 6 अंशांवर उतरले होते आणि ताटली दोन विती खाली गेली की दिसेनाशी होत होती. शेवटी लिहिले होते, ‘सर, अभी मत आइए, आठ दिन बाद देखते हैं।’ भरलेली आगाऊ रक्कम परत हवी की पुढच्या तारखेला वळती करायची, हेही त्यांनी स्वतःहून विचारले. रेल्वेची किरकोळ कपात सोडली, तर आमचे काहीच गेले नाही. चार खोल्यांच्या व्यवसायात एप्रिलमधली दोन माणसे पाच दिवसांसाठी हातची सोडणे म्हणजे काय, हे ज्याने धंदा केला आहे त्यालाच कळेल. माझ्या लेखी या सेवेचे निम्मे गुण त्या एका ओळीचे आहेत.

दुसऱ्या खेपेला आम्ही एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात गेलो आणि सोबत मृग बहाराची शेवटची एक किलो संत्री नेली. खाण्यासाठी तर होतीच, पण नदीचा वेग मोजायला संत्र्यासारखे साधन नाही, हे आमच्या खात्यातील जुन्या माणसांना ठाऊक आहे. संत्रे पाण्यात जवळजवळ पूर्ण बुडून तरंगते, म्हणून वाऱ्याने ढकलले जात नाही, आणि दुरूनही दिसते. काठाला समांतर 10 मीटर दोरी ताणली आणि वरच्या टोकाला धारेत तीन संत्री एकामागून एक सोडली. त्यांना 9, 10 आणि 8 सेकंद लागले. पृष्ठभागाचा वेग सेकंदाला सुमारे 1.1 मीटर. तळाकडे पाणी हळू वाहत असल्याने त्याचे 0.85 पट घ्यायचे, म्हणजे साधारण 0.94 मीटर. मीटरमधली खोली आणि हा वेग यांचा गुणाकार 0.9च्या पुढे गेला, तर त्या पाण्यात पाय घालू नये, असा एक जुना ठोकताळा आहे. गुडघ्याच्या किंचित वर, अर्ध्या मीटर पाण्यात तो 0.47 येत होता, कमरेएवढ्या पाण्यात 0.85. म्हणजे भाच्याने मांडीपर्यंतच जायचे, हे काठावरच ठरले. वेग दुप्पट झाला की पायावरचा रेटा चौपट होतो, हे त्याला मी सवयीने पुन्हा ऐकवले आणि त्यानेही सवयीने मान डोलावली.

मार्गदर्शक मुलगा हा सगळा उद्योग हसत पाहत होता. तिसरे संत्रे दोरीचे टोक ओलांडून पुढे गेले आणि एका काळ्या खडकामागच्या भोवऱ्यात सापडून तिथेच गोल फिरत राहिले. धार त्याला बाहेर ओढी आणि भोवरा आत घेई. मुलाचे हसणे थांबले. त्याने भाच्याच्या दंडाला धरून संत्र्याकडे बोट दाखवले आणि भोवऱ्याच्या पलीकडच्या कडेवर, जिथे वेगवान आणि संथ पाणी एकमेकांना घासत जाते त्या रेषेवर, माशी टाकायला सांगितली. खडकामागे माशाला उभे राहायला कष्ट पडत नाहीत आणि खाद्य तर शेजारच्या धारेतून आपोआप येते. चौथ्या फेकीला तीर्थनमधला आमचा पहिला ट्राउट लागला, वीतभर लांबीचा, अंगावर लाल ठिपके आणि ठिपक्यांभोवती फिकट कडी. ओल्या हातांनी धरून त्याला लगेच सोडले.

मार्गदर्शकाचे ज्ञान पुस्तकी नाही आणि ते त्याचे बलस्थान आहे. पाण्यात उतरण्याआधी त्याने काठाजवळचे चार दगड उलटवून दाखवले. खाली चिकटलेल्या स्टोनफ्लायच्या अळ्या सापडल्या, तेव्हा तो म्हणाला, की या किड्याला घाण आणि गरम पाणी चालत नाही, तो आहे तिथे मासा आहे. गुशैणीजवळ फलाचन नावाचा प्रवाह तीर्थनला मिळतो. एके दिवशी फलाचन गढूळ असल्याचे दिसताच त्याने आम्हाला संगमाच्या वर, तीर्थनच्या मूळ धारेवर नेले आणि तिथे पाणी स्वच्छ होते. खाली बसून दोन प्रवाहांचे मिसळलेले पाणी पाहणाऱ्याला सगळी नदीच बिघडली असे वाटले असते.

सुरक्षिततेच्या बाबतीत ही मंडळी कडक आहेत आणि त्याबद्दल मला कौतुकच आहे. लारजी धरणाच्या खालच्या बियासमध्ये ते कोणालाही उतरवत नाहीत, मग पाहुण्याने कितीही आग्रह धरो. जून 2014मध्ये तिथेच, थलौटजवळ, धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे 24 अभियांत्रिकी विद्यार्थी वाहून गेले होते. धरणाखालच्या नदीला आभाळ पाहून ओळखता येत नाही, हे पेंचवर राहिलेल्या मला वेगळे सांगायला नको होते. धरण नसलेल्या तीर्थनवरही वर झालेल्या पावसाची भीती असतेच. 23 सप्टेंबर 2023च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदी ज्यांच्या घरांत शिरली, त्या नागपूरकरांना काही तासांचा पाऊस काय करतो हे माहीत आहे, आणि इथे तर दोन्ही बाजूंना उभे डोंगर आहेत. पाण्यात काड्या आणि हिरवी पाने एकाएकी वाढली, मातीचा वास आला किंवा तळाचे दगड एकमेकांवर आपटल्याचा दबका आवाज येऊ लागला, तर गळाची लाइन गुंडाळत बसायचे नाही, रॉड हातात घेऊन तडक काठ गाठायचा, ही सूचना पहिल्या दिवशी चहाच्या आधी मिळते. एप्रिलच्या उत्तरार्धापासून दुपारी तीननंतर ते पाण्यात थांबू देत नाहीत. भाच्याची त्यावर थोडी कुरकुर झाली, माझी नाही.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत मोठी ही, की फोटोची वेळ ठरलेली नाही. एके दिवशी सकाळी सहाचा फोटो, दुसऱ्या दिवशी दुपारी एकचा. बर्फाच्या पाण्यावर चालणारी नदी पहाटे सर्वांत खाली आणि दुपारनंतर सर्वांत वर असते, त्यामुळे असे दोन फोटो शेजारी ठेवले तर उतरणारी नदीही चढती दिसेल. आम्हाला मधले दोन दिवस हाच घोटाळा झाला आणि फोन करून वेळ विचारावी लागली. दुसरी उणीव ताटलीची. ताटली स्टीलची आहे, ती उन्हात चमकते आणि प्रत्यक्षापेक्षा जास्त खोलीपर्यंत दिसते. ढगाळ दिवशी मात्र तीच लवकर दिसेनाशी होते. तिला पांढरा आणि काळा रंग द्या, असे मी सुचवले, पण यजमानांच्या पत्नीने ताटली परत हवी असल्याचे सांगितल्याने तो विषय तिथेच राहिला. तिसरी उणीव जरा तांत्रिक आहे. रेघांची शिळा पुलाच्या खालच्या बाजूला आहे आणि तिथला तळ दर पुरात खरवडला जातो. जुलै 2023सारखा पूर आला, की त्याच रेघेला आधीपेक्षा वेगळे पाणी वाहणार. दरवर्षी मार्चमध्ये हंगाम उघडताना शिळेजवळची खोली एकदा काठीने मोजून नोंदवली, तरी पुरेसे होईल.

तापमापकाची तक्रार नाही, फक्त तो काठाच्या उन्हातल्या उथळ पाण्यात न बुडवता धारेत बुडवायला हवा. आम्ही नागपुरातून नेलेला प्रयोगशाळेतला तापमापक आदल्या रात्री कुटलेल्या बर्फात ठेवून शून्य तपासून घेतला होता. दोघांत धारेत अर्ध्या अंशाचा आणि काठाला दोन अंशांचा फरक निघाला.

राहणे स्वच्छ, जेवण घरगुती. तुपासोबतचे सिड्डू (वाफवलेली भरलेली रोटी) दोनदा मागून घेतले. मार्गदर्शकाचे दिवसाला 3,000 रुपये पडले, त्यात नदीचा रोजचा संदेश आला. मासेमारीचा परवाना राज्याच्या मत्स्य विभागाचा असतो आणि तो त्यांनीच काढून ठेवला होता. रॉड भाड्याने मिळतात, परंतु ते जुने आहेत. पोलराइज्ड चष्मा मात्र आपलाच न्यावा, कारण त्यांच्याकडचे दोन्ही ओरखडलेले निघाले आणि पाण्यावरची चकाकी कापल्याशिवाय तळ दिसत नाही.

विणीच्या काळासाठी 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटची मासेमारी बंद असते आणि पावसाळा आपोआप वगळला जातो, त्यामुळे आता उरते ती सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतची खिडकी. आम्ही दसऱ्यानंतरचे पाच दिवस मागितले आहेत. यजमानांनी तारखा नोंदवून घेतल्या, आगाऊ रक्कम तूर्त नको म्हणाले आणि यापुढे फोटो रोज सकाळी सात वाजताच काढू, असे लिहून पाठवले. पहिला फोटो कालच आला. शिळेवरच्या रेघा नव्याने रंगवलेल्या आहेत आणि कोपऱ्यात, घड्याळ दिसेल असे धरलेले, त्या मुलाचे मनगट आहे.